काळ्या मातीत दिसत नाही

प्रयोगशाळेत आज सुक्या काळ्या मातीवर पाणी ओतलं आणि त्या वासानं देवळीजवळच्या आमच्या गावची ग्रामसभा आठवली.

रंगाच्या कारखान्यानं नाला जांभळा केला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. सभेत सगळ्यांसमोर नाल्याचं पाणी बरणीत भरून त्यात वावरातली माती कालवली. भाषणं संपेस्तोवर माती तळाशी बसली आणि वर नितळ पाणी उरलं.

कारखान्याचे साहेब खूश झाले. "मग नाल्यात मातीच टाका ना."

आईनं तळचा गाळ मुठीत घेऊन त्यांच्यापुढे धरला. "रंग गेला नाई साहेब, यात बसला. काळ्या मातीत दिसत नाई एवढंच. आता हा कोनाच्या वावरात टाकू? तुमच्या?"

तेव्हा वाटलं, आईनं माझा प्रयोग नासवला. आता विद्यार्थी नितळ पाणी उंचावून दाखवतात, तेव्हा मी गाळाकडे बोट करते. "हा कोनाच्या वावरात टाकता, ते आधी सांगा."