मायनस एकचा डबा

सिरिल डाबरे शारजाच्या खोर फक्कान बंदरातल्या एका यार्डात थंड कंटेनर, म्हणजे त्याचे ‘डबे’, सांभाळायचा. मूळचा वसईचा, कामात वाघ. खोड एकच, कुणाला काही विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. मासळी म्हणजे मायनस अठरा डिग्री, हे तो झोपेतही सांगेल.

त्या सकाळी एका डब्यावर लिहिलं होतं, ‘समुद्री प्राणी, मायनस एक’. “ऑफिसात काय एकेक पोरं भरतात!” असं पुटपुटत त्यानं आकडा मायनस अठरावर नेला आणि स्वतःवर खूश होऊन कँटीनमध्ये चहाला बसला. तिथं ट्रेलरवाल्या अबुजरला त्यानं हा किस्सा रंगवून सांगितला.

अबुजरचा चेहराच उतरला. “सिरिलभाई, उसमें तो जिंदा माल है! मॅडम सुबह पानी चेक कर रही थी।”

चहा तसाच टाकून सिरिल धावत सुटला. आकडा पुन्हा मायनस एकवर आणला. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण त्यानं डब्यावरच्या नंबरवर त्या मॅडमला, लॅरिसाला, फोन लावला.

लॅरिसा शारजात वाढलेली, संशोधन करणारी मुलगी. दक्षिण ध्रुवाच्या समुद्रतळावरचे तारामासे आणि लांब पायांचे समुद्री कोळी-किडे जिवंत घेऊन ती भारतात निघाली होती. पाणी किती तापेपर्यंत हे जीव तगतात, यावर तिचं दोन वर्षं काम चाललं होतं. तापत्या पाण्यानं आधीच खचणाऱ्या त्या तळावरची मासेमारी तरी थांबवा म्हणून सांगायला तिच्याकडे हाच पुरावा होता.

“बेटा, माय मिस्टेक. मीच मायनस अठरा केलं.”

“किती वेळ, अंकल?”

“चाळीस मिनिटं झाली असतील.”

ती कस्टम्सच्या ऑफिसातून पळत आली. दार उघडलं तर आतल्या काचेच्या टाकीच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरू लागला होता. तिनं टॉर्च मारला. समोरचा तारामासा दगडासारखा पडलेला. सिरिलनं मनातल्या मनात सगळ्या संतांना हाका मारल्या. मग त्या माशाचं एक टोक काचेवर हळूच सरकलं. शेजारच्या कोळ्यानं पाय उचलला, मग बाकीचेही एकेक करत हलले.

“अंकल, दे आर अलाइव्ह! ऑल ऑफ देम!”

सिरिल तिथंच खाली बसला आणि लाज न बाळगता रडला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी डबा जहाजावर चढेपर्यंत तो तिथून हलला नाही. कुणी फोर्कलिफ्ट जवळ आणली की हात आडवा घालून ओरडायचा, “यल्ला, लांबून जा हबीबी! अंदर मंडळी आहेत!”