पेल्यातली कवळी

कवळीकाकांना माणसाचा चेहरा नंतर दिसायचा, दात आधी. तीस वर्षं दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते कवळ्या करत आले होते. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माप घ्यायच्या आणि मागच्या खोलीत काका त्यात प्लास्टर ओतायचे, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे. जुनी कवळी दुरुस्तीला आली की मालकाला न बघता ते सांगायचे, हा शिंपी, दातानं दोरा तोडतो. डॉक्टरीणबाई पेशंटला विचारून खात्री करून घ्यायच्या, आणि बहुतेक वेळा काकांचं खरं निघायचं.

अशा माणसानं छप्पन्नाव्या वर्षी जर्मन शिकायला जावं याचं घरच्यांना नवल वाटलं. कारण साधंच होतं. दवाखान्यात दात भाजायची नवी भट्टी आली आणि तिच्याबरोबर जर्मनमधलं जाडजूड पुस्तक आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चित्रं बघून चालवा. भट्टी चालली, पण चित्रांच्या खाली एवढं काय लिहिलंय हे काकांना स्वस्थ बसू देईना. काकू म्हणाल्या, तुमच्या डोक्यात किडा शिरला की तो बाहेर काढायला दुसरा किडाच लागतो. आणि त्यांनी स्वतःच क्लासचा फॉर्म आणून दिला.

वर्गात काका सगळ्यांत थोरले. शब्द पाठ होत नसत, व्याकरणाच्या नावानं आनंद होता. पण उच्चारात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. बाकीचे चाचपडत राहायचे. काकांनी मात्र उभ्या आयुष्यात दात आणि ओठ कुठे भेटतात याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी बाईंनी एक पत्रक वाचून दाखवलं. जर्मन शिकणाऱ्यांसाठी सिनेमा परीक्षणाची स्पर्धा होती. ठरलेला एक सिनेमा बघायचा आणि त्यावर अडीचशे शब्द जर्मनमध्ये लिहायचे. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळा वर्ग सिनेमाला बसला.

गोष्ट एका म्हाताऱ्या विधवेची. मुलगा तिला वृद्धाश्रमात ठेवू बघतो, ती नाही म्हणते, आणि अखेर स्वतःच सामान बांधते. त्यात एक प्रसंग होता. म्हातारी पलंगावर बसलेली, उशाशी पाण्याच्या पेल्यात कवळी. ती मुलाला स्पष्ट शब्दांत सांगते की या घराच्या चार खिडक्या तिनं स्वतःच्या हातानं रंगवल्यात. वाक्य ‘फ’ आणि ‘व’ यांनी नुसतं भरलेलं.

सिनेमा संपल्यावर सगळे एकटेपणावर बोलू लागले. वर्गातल्या नर्सबाईंचे तर डोळे भरून आले होते. काकांनी शिकवणाऱ्या बाईंना गाठून विचारलं, "कवळी पेल्यात आहे, मग तिच्या तोंडून ‘फ’ आला कुठून?"

बाई हसल्या. सिनेमाच तो, नटीला खरे दात असणार, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. काकांनाही ते पटलं. चूक सापडली म्हणून ते जरा खूशही झाले आणि त्याच खुशीत घरी गेले.

पण लिहायला बसल्यावर पेन अडलं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची तर आधी माप नीट घ्यावं, ही त्यांची सवय. ते पुन्हा वाचनालयात गेले, कानाला हेडफोन लावून तो प्रसंग सात-आठ वेळा थांबवून थांबवून पाहिला. पेल्यातली कवळी भलतीच रुंद वाटत होती. म्हातारीचा जबडा तर चिमणीएवढा. ही कवळी पुरुषाची तर नसेल?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत डोकावल्या तेव्हा काका टेबलावर हनुवटी टेकवून, समोरच्या दोन पेल्यांकडे टक लावून बसले होते. एका पेल्यात बाईमाणसाची कवळी होती, दुसऱ्यात पुरुषाची. काकांनी त्यांनाही वाकून बघायला लावलं. गोल पेल्यातल्या पाण्यात दोन्ही कवळ्या फुगून मोठ्या दिसत होत्या. म्हणजे रुंदीचा पुरावा गेला पाण्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता हा नाद सोडा, तीन पेशंट खोळंबलेत. काकांनी तिघांचंही काम पुरं केलं आणि संध्याकाळी परत वाचनालय गाठलं.

या खेपेला त्यांनी कवळीचा आकार सोडला आणि दात पाहिले. वरच्या ओळीत डाव्या सुळ्यालगत एक गोलसर खाच होती, वर्षानुवर्षं तिथे काहीतरी धरून झिजल्यासारखी. शिंप्याची खाच बारीक आणि समोर असते. ही तशी नव्हती. काकांनी सिनेमा मागे नेला. पलंगामागच्या भिंतीवर म्हातारीच्या नवऱ्याचा फोटो होता, आणि फोटोत त्याच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात पाइप.

काकांनी सिनेमा तिथेच थांबवला. म्हातारीचे दात शाबूत होते. ती गेलेल्या नवऱ्याची कवळी उशाशी ठेवत होती, आणि पुढच्याच प्रसंगात, ते आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं, तिनं पेल्यातलं पाणीही बदललं होतं. सिनेमाभर हे कोणी बोलून दाखवत नाही. मुलाच्या तर ते गावीही नसतं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग हे कोणालाच कसं दिसलं नाही?"

"मलाही पहिल्यांदा नाहीच दिसलं," काका म्हणाले. "मी चूक शोधत होतो."

परीक्षणात त्यांनी एवढंच लिहिलं: पेला, खाच, फोटो, पाणी. एकटेपणा हा शब्द त्यांना जर्मनमध्ये येतच नव्हता. बाईंनी वाचलं. मग म्हणाल्या की स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मला चुका दुरुस्त करता येत नाहीत, आणि या तर पुष्कळ आहेत. काकांनी तसंच पाठवून दिलं.

निकाल लागला. पहिलं बक्षीस नर्सबाईंना मिळालं आणि ते योग्यच होतं, त्यांची भाषा सुरेख होती. काकांचा नंबर कुठेच नव्हता. व्याकरणात त्यांची पार दांडी उडाली होती. पण परत आलेल्या त्यांच्या कागदाच्या तळाशी एका परीक्षकानं हातानं लिहिलं होतं की आम्ही तिघांनी सिनेमा परत पाहिला, आणि तुमचं परीक्षण दिग्दर्शिकेला पाठवतो आहोत, चालेल ना?

महिन्याभरानं दिग्दर्शिकेचं पत्र आलं, जर्मनमध्ये. बाई वाचून दाखवायला तयार होत्या, पण काकांनी पत्र खिशात घातलं आणि कोश घेऊन तीन दिवस त्याच्याशी झटापट केली. तिनं लिहिलं होतं की ती कवळी तिच्या आजोबांची, खरी. आजी ती तशीच ठेवायची. सिनेमा येऊन सहा वर्षं झाली, त्याबद्दल आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता तिलाच काकांना एक विचारायचं होतं. आजोबांचे सगळे फोटो पाइप तोंडात धरलेले आहेत. ते हसायचे कसे, ते तिला आठवत नाही. कवळीवरून ते सांगता येईल का?

काकांनी हे दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काकू समोरच होत्या. त्यांनी विचारलं, "येईल सांगता?"

"ठाऊक नाही. असं कधी केलं नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

जर्मनमध्ये त्यांनी लिहिलं की फोटो पाठवा, समोरून एक, वरून एक, शेजारी पट्टी ठेवून. आणि कवळी पाण्याबाहेर काढून.