कौसाबाईंच्या विहिरीचा रिपोर्ट

जमिनीखालचं पाणी तपासणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक रिकाम्या बाटल्या आणि दुसरे किस्से. बाटल्या आई भंगारवाल्याला देऊन टाकते. किस्से तो घेत नाही, म्हणून तुम्हाला ऐकवतेय!

पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या जागा शोधत हिंडत होत्या, तेव्हाची गोष्ट. सदाशिव पेठेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. साहेब म्हणजे जोगळेकर सर, आणि हाताखाली मी. लोणी काळभोरच्या अलीकडे रंगाचा एक बंद कारखाना विकायला निघाला होता. जागा घेणाऱ्यांनी अट घातली, आधी तिथलं पाणी तपासा. त्यात कारखान्याचं रसायन निघालं, तर मालकानं सगळी साफसफाई करायची आणि कुंपणापलीकडच्या वस्तीला नळ द्यायचा.

त्या वस्तीत कौसाबाई राहायच्या. त्यांच्या विहिरीला थिनरसारखा वास यायचा आणि त्यांची सून रोज लांबून हंडे वाहायची. कारखान्याचे मॅनेजर म्हणायचे, "बाईंच्याच पंपाचं डिझेल सांडत असेल." त्या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. आजही आहे!

* * *

पहिली बोअर कुंपणालगत घ्यायची होती. मशीनवाले पोपटराव. त्यांनी नारळ फोडला, मशीन सुरू झालं आणि बघता बघता सगळी वस्ती गोळा झाली. पाणी लागलं तसे लोक ओरडले. मी म्हटलं, "पोपटराव, बास. इथंच थांबा."

पोपटरावांचा चेहरा पडला. "मॅडम, एवढं पाणी लागलंय आन् थांबू? लोक माझ्या नावानं बोंब मारतील!"

पण आम्हाला पाणी उपसायचं नव्हतं, नुसतं तपासायचं होतं. आम्ही आत बारीक चिरा पाडलेला प्लास्टिकचा पाइप सोडला, भोवती खडी भरली, वर झाकण बसवलं आणि झाकणाला कुलूप ठोकलं.

एक म्हातारबाबा बराच वेळ ते बघत होते. शेवटी शेजारच्याला म्हणाले, "बोअर मारली, पाणी लागलं, कुलूप घातलं. सरकारी दिसतंय!"

* * *

पाइप एकमेकांत पिळून बसवायचे, जोडाला काहीही लावायचं नाही, असं सरांनी पोपटरावांना तीनदा बजावलं होतं. पण चांगल्या कारागिराचा हात स्वस्थ बसतो का? दुसऱ्या बोअरला मी पाइपाच्या तोंडाशी नाक नेलं, तर झणझणीत वास!

मला वाटलं, सापडलं रसायन. आनंदानं सरांना हाक मारली. सरांनी वास घेतला, पोपटरावांच्या बोटांकडे पाहिलं. बोटांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लागलेलं.

"जोड पक्का पाहिजे ना साहेब," पोपटराव म्हणाले.

"पोपटराव," सर शांतपणे म्हणाले, "आपण कारखान्याचं रसायन शोधतोय. आपलं नाही."

अख्खा पाइप उपसून फेकला आणि शेजारी नवीन बोअर घेतली.

* * *

नमुना घेण्याआधी पाइपात साचलेलं जुनं पाणी काढून टाकावं लागतं. मग आत ताजं पाणी झिरपेपर्यंत वाट पाहायची. तेवढ्यात सॉफ्टवेअरवाल्यांचा एक तरुण अधिकारी मोबाइल घेऊन आला. मोबाइलचं तेव्हा भारी अप्रूप!

"सर, हे जरा फास्ट होणार नाही का? आमची डेडलाइन आहे."

"होईल की," सर म्हणाले. "तेवढा खाली एक फोन लावा."

* * *

बाटल्या खोक्यात बर्फ घालून त्याच दिवशी लॅबला पोचवाव्या लागायच्या. एकदा सोलापूर रोडवरच बर्फ वितळला. मी स्कूटर रसवंतीसमोर लावली आणि बर्फ मागितला. मालक प्रेमानं लादी फोडायला लागले. फोडता फोडता म्हणाले, "ताई, लग्न आहे का घरी?"

"नाही हो, कारखान्याचं दूषित पाणी आहे. गार ठेवायचंय."

त्यांनी बर्फ दिला, पण खोक्यापासून चार हात लांब उभं राहून!

* * *

आता शेवटचा किस्सा. कौसाबाईंच्या विहिरीचा नमुना आमच्याबरोबर घ्यायला मॅनेजर तयार झाले नाहीत. "आमचा माणूस स्वतंत्र घेईल," म्हणाले.

निकालाच्या मीटिंगला कारखान्याचे मालक स्वतः आले. कौसाबाईही आल्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. आमच्या रिपोर्टात त्यांच्या विहिरीत रसायन होतं. मॅनेजरांच्या रिपोर्टात शून्य! त्यांनी तो कागद हसत पुढे सरकवला. मालक आपल्याच माणसाचं ऐकणार, नळ गेला, असं मी धरूनच चालले.

सरांनी चष्मा पुसून रिपोर्ट वाचला. "वा! रसायन नाही. क्षारही नाहीत. जडपणा तर जवळजवळ शून्य."

"म्हंजी काय वं साहेब?" कौसाबाईंनी विचारलं.

"म्हणजे बाई, आपल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला भरपूर फेस येतो आणि तुरीची डाळ झटक्यात शिजते."

"माझ्या हिरीच्या?" कौसाबाई उभ्याच राहिल्या. "चाळीस वर्सं झाली मला नांदाय येऊन. सोडा टाकल्याबिगर डाळ शिजली न्हाय कवा! सासूनं त्यापायी किती बोल लावलं मला!"

मालक मॅनेजरांकडे बघायला लागले. मॅनेजर कागदाकडे.

टेबलावर प्रत्येकापुढे मिनरल वॉटरची एकेक सीलबंद बाटली ठेवली होती. कौसाबाईंनी मॅनेजरांच्या पुढची उचलली, उजेडात धरून आरपार पाहिली आणि अगदी आदबीनं विचारलं,

"साहेब, तुमच्या माणसानं पाणी काढलं, ती हीच हीर का?"

मालकांनी रिपोर्ट मिटला आणि मॅनेजरांना म्हणाले, "वस्तीवर नळ कधी सुरू करताय?"