शामू चेते आणि खालच्या टोकाच्या विझणाऱ्या ज्योती

आमच्या गल्लीत गॅस आला त्या वर्षीचं भांडण मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुंपणाशी अक्रोड फोडत बसले होते. आवाज चढले तशी फोडायची थांबले, नाहीतर नीट ऐकू आलं नसतं.

"चांगला गॅस वरच्या टोकाला तुम्ही कोंबडेवाले आधी ओढून घेता, आम्हाला येतो तो उरलासुरला!" खालच्या टोकाच्या वेरोनचा नवरा मार्तोन ओरडत होता. "म्हणून आमच्या ज्योती टिकत नाहीत."

"मार्तोन, गॅस म्हणजे काय कोंबडीचं सूप आहे, वरची चरबी आम्ही काढून घ्यायला?" हा वरच्या टोकाचा शामू चेते, हीटर दुरुस्त करणारा.

"मग तुमच्याकडे कशी नाही विझत?"

"आम्ही उतावळे नाही."

"म्हणजे आम्ही उतावळे?"

"मी हीटरबद्दल बोलतोय."

"तू आमच्या पोपबद्दल बोलतोयस!"

त्यानंतर मार्तोन अकरा वर्षं शामूशी बोलला नाही. पुढे वारला तोही न बोलताच. शामू मात्र दर हिवाळ्याच्या तोंडाला त्यांचा हीटर साफ करायला जायचा. तेवढा वेळ मार्तोन कोठीत कांद्याबटाट्यांजवळ जाऊन बसायचा.

कोंबडेवाले म्हणजे कॅल्विनच्या पंथाचे, पोपला मानत नाहीत, मारियेची प्रार्थना करत नाहीत. त्यांच्या देवळाच्या शिखरावर पत्र्याचा कोंबडा आहे. आम्ही कॅथलिक, आमच्या शिखरावर क्रूस, म्हणून आम्ही क्रूसवाले. ते गल्लीच्या वरच्या टोकाला, आम्ही खालच्या. माझं घर बरोबर मधे, कारण मी क्रुसाखालची आणि नवरा केला कोंबड्याखालचा. आमच्या लग्नात दोन्हीकडचे पाहुणे आले, जेवले, आणि एकमेकांकडे पाठ करून नाचले.

शामू आधी सहकारी शेतीच्या कारखान्यात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. कारखाना बंद पडला आणि गल्लीत गॅस आला. तेव्हा त्याने पाना तोच ठेवला, गिऱ्हाईक बदललं. अंगाने काटकुळा, कान मोठे, बोलणं कमी. त्यांच्या देवळाच्या पंचांतला एक. रविवारी पुढच्या बाकावर असा बसायचा, जणू देवाच्या झडपा तपासायला आलाय.

आमच्याकडे हीटर खिडकीखाली भिंतीला असतो. त्याच्या पोटात एक छोटी ज्योत रात्रंदिवस जळते आणि तिच्यावरून मोठी आग पेटते. छोटी पेटवायची तर बटण दाबून धरावं लागतं. तिच्यात टेकलेली तांब्याची कांडी पुरती तापली, की झडपेला कळतं की घरात ज्योत आहे, आणि ती गॅस चालू ठेवते. कांडी तापायच्या आत हात उचलला तर झडप बंद, ज्योत गेली. माणसांतही अशा झडपा असतात, पण त्या दुरुस्त करणारा कोणी नाही.

आता खर्च नको म्हणून वसंतात सगळ्या बायका ही छोटी ज्योत विझवतात. शामू दर वर्षी सांगायचा, "जळू द्या, नाहीतर नळीत कोळी घर करतात." ऐकणार कोण? आणि एक नोव्हेंबरच्या, सर्व संतांच्या दिवसाआधी जी हीटर पेटवते ती आळशी, असा आमच्याकडे कायदाच. दात वाजले तरी चालतील, पण शेजारणीआधी आपल्या भिंतीतून वाफ दिसता कामा नये. म्हणून त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावून, पाय गारठवून गल्ली घरी येते, सगळ्या घरांत एकदम बटणं दाबली जातात, आणि एकदम सगळीकडून शामूच्या नावाने हाका.

तो यायचा. टोपी काढायचा. घोड्याच्या शेपटीचा केस नळीच्या भोकातून फिरवायचा. सुई कधी नाही, सुईने भोक मोठं होतं. जुन्या दातांच्या ब्रशने कांडी घासायचा. मग पेटवून दाखवायचा आणि शिकवायचा, "बटण दाबायचं. स्वर्गातल्या बापाची प्रार्थना म्हणायची, सावकाश. आमेन झालं की सोडायचं." घड्याळ लागत नाही, चष्मा लागत नाही. वरच्या टोकाला या शिकवणीने कधी दगा दिला नाही. खालच्या टोकाला मात्र ज्योती विझत राहिल्या, आणि मार्तोनचं ते उरल्यासुरल्या गॅसचं म्हणणं त्याच्यामागेही जिवंत राहिलं. आमच्या घरी नवऱ्याने पेटवली की टिकायची, मी पेटवली की जायची. नवरा म्हणायचा, बायकांना धीर नसतो. बारा वर्षं मी हे ऐकून घेतलं, त्याला धीर नाही तर काय म्हणायचं?

आता वेरोनचं. मार्तोन गेला, ती एकटी राहिली. मुलगा विन्त्से बुडापेस्टला, चांगल्या हुद्द्यावर, म्हणजे फोनवरून काळजी करणारा. एकदा थंडीत हीटर विझला आणि ती कोट घालून झोपली, तेव्हापासून त्याने धोशा लावला.

"आई, या हिवाळ्यात अजून एकदा 'विझला' म्हणालीस, तर नाताळाच्या आधी गाडी घेऊन येतो. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय."

"तिथे कोंबड्या पाळू देतात?"

"तिथे काचेच्या पेटीत मासे आहेत."

"माशांशी काय बोलू मी?"

आश्रमाचं रंगीत पत्रक त्याने टपालाने धाडलं. त्यावर एक म्हातारी फुलदाणीकडे बघून हसत होती. वेरोन म्हणाली, "फुलं कागदाची आहेत हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही." पण रात्रभर झोपली नाही, ते सकाळी डोळ्यांवरून दिसलं. त्या घरात ती सून म्हणून आली होती, तिला तिथूनच कबरस्तानात जायचं होतं, मधे कुठे मुक्काम नको होता.

ती शामूकडे गेली. शामूने नळी साफ केली. वारा सुटला, ज्योत विझली, वेरोनला पेटवता येईना. शामू पुन्हा आला, नवी कांडी बसवली, पेटवून दिली. पुन्हा वारा, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाहेरच्या भिंतीवरचं वाऱ्याचं झाकण काढून त्याने आतून मार्तोनच्या जुन्या विजारीचा पाय ओढून काढला.

"हे काय?"

"तिथून गार वारा येतो, शामूभाऊ."

"वेरोनबाई, हीटर तिथूनच श्वास घेतो! त्याच्या तोंडात विजार?"

विजार निघाली, तरी ज्योत टिकेना. तो पेटवायचा तेव्हा जळायची, ती पेटवायची तेव्हा जायची. शामूचं जेवण कमी झालं. आजवर एकाही हीटरने त्याला हरवलं नव्हतं.

नाताळाला आठवडा राहिला आणि विन्त्से आला, हातात रिकामी सुटकेस. मी खसखस भरलेली गोड गुंडाळी घेऊन गेले होते, म्हणजे निमित्त ते. हीटर थंड. शामू जमिनीवर बसलेला.

"काका, पुरे झालं आता," विन्त्से म्हणाला. "आई, कपडे भर."

"थांब," शामू म्हणाला. "वेरोनबाई, तुम्ही पेटवा. मी हात लावत नाही, नुसता बघतो."

वेरोन गुडघ्यांवर बसली. टक. ज्योत आली. तिने बटण दाबून सावकाश प्रार्थना म्हटली, आमेन म्हटलं, बोट काढलं. ज्योत गेली. विन्त्सेने सुटकेस उघडली.

मी मात्र शामूकडे बघत होते. त्याचे ओठ अजून हलत होते.

"परत," तो म्हणाला. परत टक, परत प्रार्थना, परत आमेन. ज्योत गेली, आणि शामूचे ओठ पुन्हा मागे राहिले. मग तो एकदम पांढरा पडला.

"वेरोनबाई, शेवटची ओळ कुठे गेली?"

"कुठली?"

"राज्य, सामर्थ्य, गौरव..."

"ती तुमची शेपटी. आमच्यात आमेन आधी येतं."

इतकी वर्षं अर्ध्या गल्लीला त्याने आखूड प्रार्थना मोजून दिली होती.

"बिचारा मार्तोन," शामू एवढंच म्हणाला.

"अहो, मग तीस आकडे मोजा की!" विन्त्से.

"गुडघ्यावर बसून आकडे मोजू? मी काय बाजारात अंडी घेतेय?" वेरोन म्हणाली.

"मग आमची ओळ जोडा," शामू म्हणाला.

"गारठून मरेन, पण कोंबड्याची शेपटी लावणार नाही."

शामूने छताकडे पाहिलं. सुटकेसकडे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात, "तर मग... त्या तुमच्या बाईंची एक जोडा."

"कुठल्या बाईंची?"

"तुम्हाला माहीत आहे."

"नाव घ्या की, शामूभाऊ."

"नमो मारिया," पंच शामुएल चेते म्हणाले.

टक. बापाची प्रार्थना, तिच्यामागे मारियेची. बोट निघालं. ज्योत जागची हलली नाही. विन्त्सेने विझवून दोनदा पेटवायला लावली, दोन्हीदा टिकली. सुटकेस परत गेली ती माझी गुंडाळी आणि वेरोनची सॉसेजं भरून.

त्या हिवाळ्यात खालच्या टोकाला एकही ज्योत विझली नाही. बातमी वर पोचली तेव्हा त्यांच्या पाळकांनी शामूला बोलावलं.

"तुम्ही मंडळीचे पंच, आणि घरोघर मारियेची प्रार्थना वाटता म्हणे?"

"पाळकसाहेब, मी फक्त कांडी तापवतो."

माझ्या नवऱ्याने बायकांच्या धीराचं नाव पुन्हा काढलं नाही. अंगणात जाऊन त्याने खूप लाकडं फोडली. आमच्याकडे लाकडाची चूल नाही.

शामू गेला त्याला आता दोन हिवाळे झाले. तो शेवटचा बाहेर पडला सर्व संतांच्या दुसऱ्या दिवशी, वेरोनकडे. मी तिथेच होते. खोकत आला, टोपी काढली. घोड्याचा केस फिरवला, ब्रशने कांडी घासली, बाहेर जाऊन झाकणात विजार नाही ना ते पाहिलं. मग बाजूला सरला. वेरोनने बटण दाबलं. बापाच्या प्रार्थनेला त्याचे ओठ हलले, मारियेच्या वेळी तो नेहमीसारखा खिडकीबाहेर कोंबड्या बघत राहिला. ज्योत टिकली. त्याने हीटरवर दोनदा टकटक केलं, आलुबुखाराची दारू एक पेला घेतली, दुसऱ्यावर हात ठेवला, टोपी घातली.

"वसंतात विझवू नका," तो म्हणाला.

"बरं," वेरोन म्हणाली. ती विझवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो गल्लीने वर गेला, पुढच्या घरी.