तळेघरच्या माळावरची लाल निशाणं

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातली मुलं आपापल्या गावी गेली आणि मी शिवाजीनगरहून मंचरची एसटी धरली. खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची लांब पिशवी होती. घरी मात्र मी अभ्यासासाठी मित्राच्या गावी चाललोय एवढंच कळवलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. जालन्याकडच्या आमच्या लोकांना वाटतं की मी तलाठी व्हावं. मला वाटायला लागलं होतं की आपण व्यावसायिक गोल्फ खेळाडू व्हावं. हे कुणाला सांगायचं म्हटलं की माझाच आवाज बारीक व्हायचा.

कॉलेज सांभाळून मी पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर बॉल गोळा करण्याचं काम करायचो. रिकाम्या वेळी मारूही लागलो, आणि बॉल सरळ जाऊ लागले. तेव्हा मी तेविसाव्या वर्षात होतो. बाकीची मुलं हा खेळ दुधाचे दात पडायच्या वयात धरतात. तिथले एक सभासद मोकाशीसाहेब रोज माझं मारणं बघायचे. त्यांनी आपल्या काठ्यांचा जुना सेट मला वापरायला दिला आणि व्यावसायिक होण्याच्या पात्रता चाचणीसाठी माझी शिफारस करतो म्हणाले. साहेब बांधकाम व्यवसायातले. मी तळेघरला चाललोय म्हटल्यावर ते म्हणाले, "जागा नीट बघून ये. माळ केवढा आहे, पाणी कुठं आहे, मालक कोण. सहज विचारतोय." मी हो म्हणालो. मोठी माणसं आपली चौकशी करतात याचंच मला अप्रूप वाटलं होतं.

तळेघर निवडायचं कारण माझा वर्गमित्र काशिनाथ. मी आजवर सरावाच्या सपाट चटईवरूनच मारत आलो होतो, आणि चाचणी खऱ्या चढउताराच्या जमिनीवर होणार होती. काशिनाथ म्हणाला, आमच्या घरामागचा माळ गुरांनी चरून अगदी तासून ठेवलाय, जा आणि मार. त्याला सुट्टीतही नोकरी होती, त्यामुळे मी एकटाच निघालो.

मंचरला आणि मग घोडेगावला गाडी बदलली. तहसील कचेरीचं गाव, त्यामुळे स्टँडवर दाखले काढायला आलेल्या माणसांची गर्दी होती. तळेघरच्या गाडीच्या कंडक्टरने पिशवीकडे बघून विचारलं, "मोजणीवाले का?" मी नाही म्हणालो, खेळाचं सामान आहे. त्याने तिकीट फाडलं; पण मागच्या बाकावरचे दोघं गप्प झाले आणि उतरेपर्यंत पिशवीवरून नजर हलवेनात. पुढे रस्त्याच्या कडेने धरणाचं पाणी लागलं. निळं, स्वच्छ पाणी. मी खिडकीतून डोकं काढून बघत राहिलो. गाडीत दुसरं कुणीच तिकडे बघत नव्हतं.

काशिनाथचं घर तळेघरपासून बरंच आत, चालत जायच्या वाटेवर. दोन्ही बाजूंच्या खाचरांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांत, कापणी झालेली होती. काशिनाथच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी पाणी दिलं आणि कोण, कुठले, किती दिवस, असं सगळं विचारलं. मग पुन्हा तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारले. रात्री नाचणीची भाकरी आणि सुकटाचं कालवण होतं. जेवण फार चवदार होतं, पण मी तोंडात घास घातला की समोरची माणसं बोलायची थांबत.

सकाळी मी माळावर गेलो. जागा काशिनाथने सांगितली त्याहून चांगली होती. बारीक गवत, मधूनच उघडा पडलेला काळा खडक, आणि भीमाशंकरच्या बाजूने येणारा वारा. मी लाल कापडाची निशाणं काठ्यांना बांधून रोवली, पावलं टाकत त्यांच्यातलं अंतर मोजलं आणि दिवसभर मारत राहिलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एकही निशाण जागेवर नव्हतं. आपली चोरी झाली असं मला वाटलं. घरी आलो तर पिशवीची चेन उघडी होती. गेलं मात्र काहीच नव्हतं. त्यामुळे उलट जास्तच धास्ती वाटली.

संध्याकाळी तात्यांनी मला देवळापुढे नेलं. दहा-वीस माणसं बसली होती आणि माझी सगळी निशाणं तिथे एका ओळीत मांडून ठेवलेली होती. भिवा नावाचा तात्यांचा चुलतभाऊ बोलायला पुढे होता. मी सांगितलं, हा खेळ आहे.

"तुमच्यासमोर तर कोन नाय," भिवा म्हणाला. "मग पावणं, तुमी हरवता कुनाला?"

मी म्हणालो, समोर कुणी लागत नाही. कमीत कमी फटक्यांत बॉल भोकात घालायचा असतो.

"आन भोक कुठंय?"

भोक नव्हतं. दुसऱ्याच्या जमिनीत खड्डा कसा खणायचा, म्हणून मी नुसती निशाणं रोवली होती. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं तेव्हा दोघं-तिघं हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

तात्यांची म्हातारी आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिचं सासर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती माझ्याकडे न बघताच बोलली, "तवाबी अशीच निशाणं व्हती. रस्ता मोजतोय म्हनले. आमी त्यांला च्या पाजला."

बसमध्ये पाण्याकडे कुणी का बघत नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

भिवाने ताटलीत बेलाचं पान आणि भंडारा (हळद) आणून ठेवला. बेलभंडारा उचलून बोललेलं खोटं इथे कुणी पचवू शकत नाही. या जमिनीशी माझ्या येण्याचा काही संबंध नाही, एवढं मी म्हणायचं होतं. मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. माळ केवढा, पाणी कुठं, मालक कोण. साहेबांचे शब्द मला पहिल्यांदाच नीट ऐकू आले.

मी सगळं सांगून टाकलं. खेळायला आलोय हे खरं, पण ज्यांच्या काठ्या आहेत त्यांनी जमिनीबद्दल विचारलंय. का विचारलंय ते मला माहीत नाही.

भिवा उठून उभा राहिला. तात्यांनी त्याला हाताने खाली बसवलं. "त्या सायबाच्या पोटातलं ह्याला कुठनं ठावं असनार?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हितली जिमीन, पानी, मालक, ह्यातलं एक अक्षर त्याला सांगायचं नाय. हे उचलता का?"

काठ्या साहेबांच्या, शिफारसही साहेबांचीच. मी बेलभंडारा उचलला.

त्यानंतर मला खेळायची परवानगी मिळाली, पण निशाणं रोवायची नाहीत आणि पावलं मोजायची नाहीत या अटीवर. मी हिरड्याच्या झाडाकडे बघून नुसत्या नजरेच्या अंदाजाने मारायचो. भिवा रोज कोयता मांडीवर घेऊन खडकावर बसायचा, माझ्यावर पाळत म्हणून. पुढे पुढे त्याला राहवेना. "आज लई वाकडं जातंय राव," तो म्हणायचा, आणि ते खरं असायचं. चेन कुणी उघडली होती तेही कळलं. काशिनाथच्या आईने भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "मोजायचा टेप हाय का, मीच बगितलं." तरी निघायच्या दिवशी गाडी हलेपर्यंत भिवा थांबला होता. निरोपाला, की मी गेल्याची खात्री करायला, ते मला आजही ठरवता येत नाही.

पुण्यात साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कसा आहे माळ?" मी म्हणालो, खेळायला चांगला आहे, बाकी सांगता येणार नाही, शब्द दिलाय. ते हसले. शिकलेल्या मुलाने असल्या शपथा मानाव्यात याची त्यांना गंमत वाटली. आठवड्याने निरोप आला की पुतण्या खेळायला लागलाय, सेट परत हवा आहे. पुतण्या खरोखर असेलही. मैदानावर तो मला कधी दिसला नाही.

शिफारस मात्र त्यांनी आधीच केलेली होती. मैदानावरच्या मोडक्यातोडक्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या काठ्या मागून मी चाचणी दिली. पहिल्या दिवशी बरा खेळलो, दुसऱ्या दिवशी घसरलो आणि नापास झालो. आता तलाठ्याची परीक्षा, की पुन्हा हीच चाचणी, याचा मी बरेच दिवस विचार करत राहिलो. साहेबांना थोडं काही सांगितलं असतं तर, हाही विचार आला. बसमधलं ते निळं पाणी आठवलं की तो टिकायचा नाही.

संक्रांतीला काशिनाथ गावी जाऊन आला. माझ्या नापास होण्याची बातमी त्याने घरी सांगितली होती. तात्यांचा माझ्यासाठी निरोप होता: "म्हणावं, माळ हाय तितंच हाय. ये."