भुतांची नजर तपासणाऱ्या बाई

जिवंत माणसांचे डोळे तपासून झाल्यावर मेलेल्यांचे तपासायला घेणारी बाई अख्ख्या मावळात एकच असणार, आणि ती माझ्या ओळखीची आहे. बाई तीसेक वर्षं सरकारी नेत्रपथकात होत्या. पवनानगरपासून पार डोंगरातल्या वाड्यांपर्यंत, शाळांच्या भिंतींवर अक्षरांचा तक्ता टांगून त्यांनी इतक्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू पकडले की आजही कामशेतच्या बाजारात त्यांच्यासोबत गेलं, तर मेथीच्या एका जुडीला पाऊण तास लागतो. त्यांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. सगळे त्यांना ‘डोळ्याच्या बाई’ म्हणतात. त्यांनाही माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, डोळे राहतात. “हा कोण माहितीये? डावा डोळा, पिकलेला मोतीबिंदू, ऑपरेशनला घाबरून गोठ्यात लपला होता,” असं त्या भर बाजारात, त्या माणसाच्या देखत सांगतात आणि तो माणूस सत्कार झाल्यासारखा हसतो.

मेलेल्यांचं प्रकरण त्या रिटायर झाल्यावर सुरू झालं. त्यांचा भाचा ओंकार परंदवडीजवळच्या एका कारखान्यात आहे. कॉलेजात तो माझ्या वर्गात होता. तो, त्याची बायको प्राजक्ता आणि मी असे तिघं रविवारी दुपारी बाईंच्या हॉलमध्ये एक खेळ खेळायला जमायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, असा तो खेळ. गोष्ट ओंकार सांगायचा. माझं पात्र म्हणजे एक चोरटी मुलगी होती आणि तिच्याकडे पांघरलं की माणूस दिसेनासा होईल अशी घोंगडी होती. ती मी पहिल्याच रविवारी पांघरली आणि नंतर कधी काढली नाही. दिसत नसल्यामुळे मला कोणी काही विचारत नसे, आणि विचारलं नाही की बोलावं लागत नसे. चार माणसांत बसायचं पण तोंड उघडायचं नाही, ही सोय मला शाळेपासून हवी होती.

एका रविवारी बाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. ओंकार सांगत होता, “सांगाडा प्राजक्ताकडे रोखून बघतो. घोंगडीवाली मात्र त्याला दिसत नाही.”

“कशानं बघतो?” बाईंनी विचारलं.

“कशानं म्हणजे? बघतो.”

“अरे, पण डोळे कुठायत त्याला?”

“मावशी, भूत आहे ते.”

“भूतबित काही नसतं,” बाई म्हणाल्या. त्या बौद्ध घरातल्या. अंगारे-धुपारे त्यांच्या वडिलांनीच घराबाहेर काढलेले. “पण तू आहे म्हणतोस, तर तपासायला नको? ही पोरगी दिसत नाही म्हणजे डोळे असणाऱ्याला दिसत नाही. ज्याला डोळेच नाहीत त्याला प्राजक्ता तरी कुठे दिसते? त्याच्या लेखी दोघी सारख्याच.”

माझी इतकी चांगली घोंगडी, आणि तिला असं भोक पडेल हे वर्षभरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ओंकारने तासभर वाद घातला, मग हात जोडले. “मावशी, तूच चालव हे.” त्या दिवसापासून गोष्ट बाई सांगू लागल्या आणि ओंकार एक तलवारबहाद्दर झाला.

बाईंनी सगळ्यात आधी एक रजिस्टर उघडलं. खेळात भेटणाऱ्या प्रत्येक मेलेल्याची त्यात नोंद व्हायची: उजवा डोळा, डावा डोळा, शेरा. थडग्यातून उठलेल्या कुजक्या प्रेताच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, सबब हालचाल कळते, चेहरा कळत नाही. पिशाच्चाची नजर उत्तम, पण पापणी लवत नसल्याने डोळे कोरडे, थेंब द्यावेत. रक्त पिणाऱ्या सरदाराला उजेड सोसत नाही, काळा चष्मा सुचवला. हा सरदार आमच्यावर झडप घालणार, तेवढ्यात बाईंनी गोष्ट थांबवून त्याला घरात कोणाला काचबिंदू होता का, असं विचारलं होतं. सांगाड्यापुढे मात्र नुसतंच लिहिलं होतं, ‘दोन्ही डोळे नाहीत. तरी वार अचूक. पुन्हा बोलवावे.’

निकाल दिल्याशिवाय बाईंना चैन पडेना. शेवटी त्यांना पवनेकडच्या एका वाडीतले आबा आठवले. आबांना दोन्ही डोळ्यांनी काही म्हणता काही दिसत नसे, पण बाई बांधावर पोचायच्या आत ते हाक मारत, “बाई, आज चप्पल नवी हाय व्हय?” एकदा बाई मुद्दाम अनवाणी, मागच्या वाटेने, श्वास धरून गेल्या. आबा म्हणाले, “या बाई. दम कशाला कोंडलाय?” कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाले, “मानूस आलं की हितली हवा जरा बाजूला सरती. तुमाला डोळं हाईत, म्हनून तुमाला न्हाई कळायचं.” हे सांगताना बाईंचा आवाज इतका आदराने भरून आला, की ओंकारने पुढे केलेलं खेळाच्या नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याने स्वतःच मिटलं.

तरीही नुसत्या सांगण्यावर निकाल देतील त्या बाई कसल्या! पाऊल पडलं की पायाला कळावं म्हणून त्यांनी गिरणीतून पोतंभर भाताचा तूस आणवून हॉलभर पसरला, ओंकारच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांत कापूस घातला आणि त्याला मधोमध सांगाडा म्हणून उभं केलं. आम्ही एकेकीने भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायचं आणि त्याने बोट दाखवायचं. बाई दोन पावलांत पकडल्या गेल्या. प्राजक्ता एका पावलात. “बायको आल्याचं कोणालाही कळतं,” सांगाडा म्हणाला आणि सांगाड्याला धपाटा बसला. मी तीनदा गेले आणि आले. ओंकार शेवटी कंटाळून म्हणाला, “अगं, निघ की एकदाची!” तेव्हा मी त्याच्या मागे उभी होते. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग निकाल दिला: सांगाड्याला माणूस दिसत नाही, त्याची चाहूल लागते. चालण्याने, श्वासाने, बोलण्याने. घोंगडीचा त्याच्यापुढे काडीचा उपयोग नाही. “पण हिला घोंगडी लागतच नाही,” त्या म्हणाल्या. प्राजक्ता हसली. बाई हसल्या नाहीत.

मग बाईंचं नागपूरला लेकीकडे राहायला जायचं ठरलं आणि शेवटचा रविवार आला. ओंकारचा तलवारबहाद्दर दोन वर्षं खपून मोठा केलेला होता. टेबलावर ठेवायची त्याची वीतभर मूर्ती त्याने स्वतः कानस मारून घडवली होती. तो नेमका एका भुयारात जखमी होऊन पडला. प्राजक्ता दाराबाहेर अडकली होती. सहा सांगाडे आवाजाचा माग काढत येत होते, आणि आवाज ओंकारचाच होता, कारण तो अगदी रंगात येऊन कण्हत होता.

“गप पड ना!” प्राजक्ता ओरडली. “घरी नाही, निदान इथे तरी!”

“पोटात भाला आहे माझ्या!”

“आता एकच पाळी उरली,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तू काय करतेस?”

मी भुयाराच्या भिंतीला चिकटून उभी होते. चूपचाप निघून गेले असते तर एकाही सांगाड्याला कळलं नसतं. ओंकार ती मूर्ती हातात धरून बसला होता, आणि आता मात्र तो खरंच गप्प झाला होता.

“ओरडते,” मी म्हणाले. “म्हणजे ते माझ्याकडे वळतील.”

“मग ओरड. त्यांना कान नाहीत, हवा हलली पाहिजे.” बाईंनी डोळे पुसायच्या कापसाचा एक धागा काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. “हा हलला तर ते वळले.”

मी काहीतरी म्हणाले. कापूस हलला नाही. ओंकार मदत करायला तोंड उघडणार, तर बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. चहावर साय धरली. बाई तशाच हात वर करून बसल्या होत्या. जणू त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

“अय! हितं! मी हितं हाय!”

लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत चौदा वर्षं काढलेल्या माझ्या गळ्यातून ते कुठून आलं, मला माहीत नाही. कापूस उडून ओंकारच्या चहात पडला. शेजारच्या मावशी धावत दारात आल्या, “काय झालं बाई?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या, “सांगाडे वळले.”

ओंकारचा बहाद्दर सरपटत बाहेर पडला आणि वाचला. बाईंनी सहा सांगाड्यांच्या वारांसाठी सहा वेळा फासा टाकला. त्यात त्यांनी जराही हयगय केली नाही, आणि माझी चोरटी मुलगी तिथेच पडली. मग बाई खुर्चीतून वाकल्या, टेबलावरच्या रिकाम्या हवेत हात चाचपत नेला, एका जागी थांबल्या आणि दोन बोटांनी हलकेच तिच्या पापण्या मिटल्या. इतकी वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या पापण्या उघडल्या, त्या बोटांची जागा चुकणं शक्य नव्हतं.

बाई नागपूरला गेल्या. आम्ही रविवारी अजून जमतो, आता ओंकारच्या घरी. माझं नवं पात्र सगळ्यांना दिसतं, आणि मी बोलतेही थोडंफार. पण माझं वाक्य जुळेपर्यंत त्या दोघांचं एक भांडण होऊन मिटलेलं असतं आणि गोष्ट पुढच्या गावाला पोचलेली असते. त्यात त्यांची चूक नाही. माणसं साधारण तेवढीच थांबतात. मग घरी परतल्यावर मी नागपूरला बाईंना फोन लावते आणि दुपारी सांगायचं राहिलेलं सांगायला घेते. मध्ये मी अडखळते, कधी नुसतीच गप्प होते. पलीकडे बाईंचा श्वास तेवढा ऐकू येतो, ‘हॅलो, हॅलो’ असं एकदाही येत नाही.