अर्धा भरलेला पूल

नदीपलीकडे देवीचे ढोल वाजू लागलेत आणि अलीकडे, डाक बंगल्याच्या आरामखुर्चीत, वृंदा सबनीसचे डोळे मिटू लागलेत. आजच्या पालखीसाठी तिने सकाळी पुलाला परवानगी दिली आहे. संस्थानच्या काळातला, ओतीव लोखंडाच्या एकाच कमानीचा पूल. माणसांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत खचाखच भरला तरी तग धरेल, असा या इंजिनियरबाईंचा हिशेब.

"झोपा काढायला सरकार पगार देतं वाटतं?"

समोर कर्णिक साहेब. तिचे पहिले वरिष्ठ, गेल्या श्रावणात वारलेले. तिला इतका आनंद होतो की रडूच येतं.

"साहेब, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो म्हणून तपासणी सोडू की काय? ऊठ."

ती उठते ती थेट कमानीखाली. दोघं पाण्यावर उभी आहेत आणि पाय भिजत नाहीत.

"कमान भरली की सगळं लोखंड दाबात," ती घाईघाईने सांगते. "दाबाला ते हार जात नाही."

"आणि ताणाला?"

"पापडासारखं मोडतं. पण इथे ताण येणार कुठून?"

साहेब तिचा हात ओढतात. आता हा त्यांच्या स्वयंपाकघरातला ओटा आहे. तिच्या मनगटात गावातल्या बायकांनी हौसेने भरलेली काचेची बांगडी. साहेब बांगडीच्या एका अंगावर अंगठा ठेवतात. दुसरं अंग वर उचललं जातं.

"पालखी कुठे थांबते, वृंदा?"

"पुलाच्या मधोमध. आरतीला."

"आणि अलीकडचे लोक?"

"आरती होईपर्यंत पुलावर पाय ठेवत नाहीत..."

पालखीमागचा अर्धा पूल गच्च, अलीकडचा अर्धा मोकळा. मोकळी बाजू वर फुगणार, ताण तिथेच येणार. तिने हिशेब केला तो फक्त भरलेल्या पुलाचा.

"साहेब, दाबू नका!"

साहेब दाबतच राहतात.

कट्.

वृंदा जागी होते. ढोल अगदी जवळ आलेत. ती पुलावर बंदोबस्ताला असलेल्या फौजदार भोईट्यांना फोन लावते.

"पालखी मागे घ्या!"

"मॅडम, मधोमध पोचली. मागून रेटा आहे, फिरवली तर चेंगराचेंगरी होईल."

"मग अलीकडची माणसं पुलावर सोडा. आत्ता, रांगेने."

"आरतीआधी? रिवाज मोडेल. आणि वर आणखी वजन?"

"हो, आणखी वजन! पूल पूर्ण भरला तरच टिकेल. रिवाज माझ्या नावावर मोडा. पण सोडा!"

फोनमध्ये आरडाओरडा, शिव्या, शिट्टी. मग लोखंडावर पावलं, अलीकडच्या काठाची. ती फोन कानाशी धरून ऐकत राहते. पावलं वाढत जातात आणि आरती सुरू होते.

तेव्हा कुठे तिचं मनगटाकडे लक्ष जातं. बांगडी वाढली आहे. साहेबांचा अंगठा होता ती बाजू शाबूत, आणि दुसऱ्या बाजूची काच कातडीत रुतून रक्त येतंय.